दाजी आणि चाकांतली हवा

अख्ख्या मुळशी खोऱ्यात माणसांपेक्षा टायरांच्या तब्येतीची जास्त विचारपूस करणारा गृहस्थ एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, वाट्याला आला. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. त्यांचा एक जुना ट्रक होता. धरणाच्या वरच्या गावांतून आंबेमोहराची पोती भरायची आणि पौड, पिरंगुट करत पुण्याला पोचवायची, हा त्यांचा धंदा. रस्ता म्हणजे नुसते धोंडे. ट्रकचं पोट खाली घासायचं म्हणून दाजींनी लष्कराच्या लिलावातून मोठी टायरं आणून चढवली. स्वातंत्र्य मिळून तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. ट्रक चार बोटं उंच झाला आणि दाजींची झोप उडाली. कंपनीच्या पुस्तकात दिलेली हवा होती जुन्या टायरांची. ह्या नव्यांत किती भरायची, ते कोण सांगणार?

मग दाजी स्वतःच शोधाला लागले. वैद्यानं नाडी बघावी तसं टायरवर बोट ठेवून डोळे मिटायचे. लाकडी हातोडीनं ठोकून कान लावायचे. मी पौडच्या शाळेत मास्तर होतो. माझ्या वर्गातले खडू ह्याच शोधात संपले. टायरवर आडवी रेघ मारायची, थोडं अंतर गाडी चालवायची आणि उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. सारखी पुसली की दाजींचा चेहरा उजळायचा. पण पोती कमीजास्त झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका लग्नात जेवताजेवता "हवा जातीया!" म्हणत ते भरल्या पानावरून उठून पळाले. आवाज मांडवामागच्या स्टोव्हचा होता. अक्का म्हणायची, "माझ्या कपाळाला कधी हात लावला न्हाई, टायरला दिसातून चारदा लावत्यात."

ती बाळंतपणाला आमच्याकडे पौडला आली तेव्हा सुईण म्हणाली, "प्वार आडवं हाय. पुण्याला न्या." सकाळची वेळ होती. ट्रकमध्ये पेंढा घालून, वर दोन गाद्या टाकून आम्ही अक्काला निजवलं. मी तिचा हात धरून बसलो. गाडी निघेना म्हणून वाकून बघितलं, तर दाजी चाकांतली हवा सोडत होते.

"दाजी, चला की!"

"मास्तर, ही हवा भरल्या गाडीची. रिकामी गाडी हिच्यावर आपटंल. तिला सोसायचं न्हाई."

निघालो. पिरंगुटला गाडी थांबली आणि दाजी उतरून रेघा बघू लागले. तेवढ्या कळांतही अक्का ओरडली, "आता खडू कसला बघताय?" दाजींनी मान वर न करता आणखी थोडी हवा सोडली.

दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. त्यानंतर तीस वर्षं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्यांच्या ट्रकनं माझी हाडं खिळखिळी केली!" दाजी खाली मान घालून हसायचे.

अक्का गेली त्याच्या पुढच्या वर्षी ते माझ्याकडे आले. ट्रक कधीच विकला होता. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, मग एकदम म्हणाले, "मास्तर, तुमी तिच्यापाशी व्हता. लई धक्के बसलं का हो तिला?"

मी म्हणालो, "दाजी, दवाखान्यात तिनं मला सांगितलं होतं. पिरंगुटच्या पुढं कळ थांबली की तिचा डोळा लागत होता."

"असं म्हनली?"

"शप्पथ."

"मग मला का न्हाई बोलली?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लई बोलायची ती," ते म्हणाले. "येवढंच तेवढं बोलायचं ऱ्हायलं."