सरावाचा ठराव

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात सोलापुरात तरुण स्त्रियांसाठी नेतृत्व प्रशिक्षणाचं एक शिबिर भरलं होतं. मुलींच्या एका शाळेला सुट्टी लागली होती. तिचे तीन वर्ग रिकामे करून शिबिरार्थींना दहा दिवस राहायला दिले होते. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उमेदवारी करत होते. कार्यालयात मी एकटीच बाई, त्यामुळे हळदीकुंकू, पाककृती आणि महिला मंडळांच्या बातम्या न विचारता माझ्या टेबलावर येत. हे शिबिरही तसंच आलं.

शिबिर भरवणारी संस्था शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या बायकांची होती. उद्घाटनाला तिच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, समाज बदलायचा असेल तर स्त्रीनं उभं राहून बोलायला शिकलं पाहिजे. मी ते वाक्य वहीत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. त्या वाक्यात आजही मला काही चूक दिसत नाही.

शिबिरात तीसेक मुली होत्या. निम्म्या शहरातल्या, निम्म्या आसपासच्या गावांतल्या. होटगीच्या बाजूच्या एका गावातून आलेली एक जण वीस-एकवीस वर्षांची होती, सातवी पास. गावातून एक शिकलेली मुलगी पाठवा असं पत्र गेलं होतं आणि शिकलेली म्हणून ती एकटीच सापडली. घरातले सगळे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. तीही जात होती. शिबिरासाठी तिनं दहा दिवसांची मजुरी सोडली होती आणि आठ महिन्यांची मुलगी कामावरच सासूजवळ ठेवली होती.

त्या तान्ह्या मुलीच्या उजव्या भुवईवर दगडाची कपची लागली होती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीत नळावर ताट धुताना तिनं ते सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता.

"डोळा वाचला, ताई. बोटभर खाली लागली आस्ती तर गेला आस्ता."

"कामावर सावली नाही का कुठं?"

"हाय की. मुकादमाचा तंबू हाय. त्यात मस्टर बसतंय, पान्याची घागर बसती, मुकादम बसतोय. पोरं भाईर."

माळावर झाड नव्हतं. बायका खडीच्या ढिगाशी बसून हातोडीनं दगड फोडत आणि तान्ही मुलं तिथंच, फाटक्या लुगड्यावर, उन्हात पडलेली असत. तिला शिबिरातून एकच गोष्ट न्यायची होती. या मुलांसाठी चार खांबांचं छप्पर कुणाकडे आणि कसं मागायचं, ते. उभं राहून बोलायला ती आधीच शिकलेली होती.

शिबिरात सकाळी प्रार्थना, मग व्याख्यानं आणि दुपारी शिवण असे. शिवण नेतृत्वात कसं बसतं, हे मी विचारलं नाही. चौथ्या दिवसापासून सभाशास्त्राचे वर्ग सुरू झाले. ते एक निवृत्त मुख्याध्यापक घेत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. सूचना कशी मांडायची, अनुमोदन कशाला म्हणतात, अध्यक्षानं मत कधी द्यायचं, इतिवृत्तात काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे त्यांनी चार दिवस घोटून घेतलं. मुलींना हसू आलं की ते थांबत आणि हसू संपल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

आठव्या दिवशी सरावाची सभा झाली. विषय फळ्यावर लिहिलेला होता: गावात वाचनालय सुरू करणे. अध्यक्ष म्हणून शहरातली एक मुलगी बसली, तिचं घर विणकरांचं होतं, घरी तेलुगू बोलत. वाचनालयाचा ठराव सात-आठ मिनिटांत झाला. पत्रिकेवर शेवटी, प्रत्येक सभेच्या पत्रिकेवर असतो तसा, ऐनवेळचा विषय असा एक रकाना होता. त्यात आयत्या वेळी सुचलेलं कोणीही मांडू शकतं, असं गुरुजींनी शिकवलं होतं. होटगीकडची ती उभी राहिली.

"अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय मांडते. खडीच्या कामावर ल्हान पोरांसाठी छप्पर आसावं. पान्याचा रांजन आसावा. पोरांकडं बघायला एक बाई आसावी आनि तिची हजेरी मस्टरवर लागावी."

अनुमोदन द्यायला एकदम पाच हात वर गेले. गुरुजी म्हणाले, "अनुमोदन एकाच व्यक्तीचं लागतं. बाकीच्यांनी हात खाली घ्या." ठराव एकमतानं मंजूर झाला. इतिवृत्त तिनंच लिहिलं. गुरुजींनी त्यातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि खाली 'उत्तम' असा शेरा दिला. तिनं ते पुन्हा स्वच्छ उतरवलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

सरावासाठी दिलेले कागद संस्थेच्या छापील मथळ्याचे होते. पत्ता बदलल्यामुळे जुने गठ्ठे पडून होते आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून कोणीतरी मुलींना वाटून टाकले होते. इतकी काटकसर नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

शिबिर संपलं त्या दिवशी मी समारोपाची बातमी दिली. पाहुणे, भाषणं, प्रशस्तिपत्रकं, आणि शेवटी एक ओळ: दुष्काळी कामांवर मुलांसाठी सावलीची सोय व्हावी असा ठराव शिबिरात मंजूर झाला. ती छापून आली त्या सकाळी होटगीकडची ती, घरी जाण्याआधी, सह्यांचा कागद घेऊन दुष्काळी कामांच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी सकाळी पेपर वाचला होता. समोर कागद आला, वर संस्थेचं नाव, खाली तीस सह्या. त्यांनी तिला पोच दिली आणि ती गेल्यावर अध्यक्षाबाईंना फोन लावला.

अध्यक्षाबाईंचा फोन आमच्या संपादकांना आला तेव्हा मी समोरच उभी होते. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण संपादक ते मधूनमधून मोठ्यानं म्हणत होते, जणू माझ्यासाठीच. "हो, ते वर्गातलं होतं... सराव... हो, नाटकच म्हणा... साहेबांचा गैरसमज... नाही, नाही, संस्थेची भूमिका तशी नाही, समजलं."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "खुलासा लिहून द्या. चार ओळी. पहिल्या पानावर नको."

मी लिहिला. 'सदर ठराव हा सभाशास्त्राच्या सरावाचा भाग होता. संस्थेने असा कोणताही ठराव केलेला नाही. त्याचा प्रत्यक्ष परिस्थितीशी संबंध नाही.' पहिली दोन वाक्यं मला सांगितलेली होती. तिसरं कोणीही सांगितलं नव्हतं. ते मी घातलं, कारण त्याशिवाय खुलासा तोकडा वाटत होता. पाच मिनिटांत मजकूर खाली जुळणीला गेला. त्या माळावर मी तोवर गेलेसुद्धा नव्हते.

तीन दिवसांनी ती आमच्या कार्यालयात आली. होटगीला गाडीत बसून सकाळीच स्टेशनावर उतरली होती आणि तिथून चालत आली होती. हातात त्या खुलाशाचं कात्रण होतं. मुकादमानं तो मस्टर वाचायच्या आधी सगळ्या बायकांना वाचून दाखवला होता.

"ताई, ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

तिनं कागद टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या वाक्यावर बोट टेकवलं. "ह्ये बी?"

"ते पण."

"माज्या पोरीची भुवई बगायला या की मग एकदा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. शेजारच्या टेबलावरचे दोघं लिहायचे थांबले होते. मग तिनं विचारलं, "गुरुजी कुटं राहत्यात?"

मी तिला गुरुजींच्या घरी घेऊन गेले. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. खुलासा त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"गुरुजी, सरावाचा ठराव खोटा आस्तो का?"

"खोटा नसतो. पण सभा संस्थेनं बोलावलेली नव्हती. ज्यांचा प्रश्न, त्यांनी ती बोलावलेली नव्हती. म्हणून तो लटका पडला."

"मग आमीच बोलावली तर?"

"आधी नोटीस द्यायची. अध्यक्ष निवडायचा. सभेचा पहिला विषय कोणता?"

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करनं."

गुरुजींनी चष्मा पुन्हा घातला. "ती सभा वेगळी होती, असा आक्षेप येऊ शकतो," ते म्हणाले. "पण आक्षेप सभासदालाच घेता येतो. बाहेरच्याला नाही."

"आमच्यातली कोन घेनार?" ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

सभा दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत खडीच्या माळावरच झाली. मी एसटीनं गेले आणि शेवटचे दोन मैल चालले. तिची मुलगी मी तेव्हा पाहिली. भुवईवर खपली होती आणि तिच्यावर माशी बसत होती. अध्यक्ष म्हणून तिची सासू बसली, फोडलेल्या खडीच्या ढिगावर. सूचना आणि अनुमोदन झालं. मग सुनेनं शिबिरातलं इतिवृत्त पहिल्यापासून वाचलं, वाचनालयासकट.

मुकादम तंबूतून उठून आला. "काय चाललंय ह्ये? कामाच्या जागी सभा घेत न्हाईत."

"सुट्टी हाय, दादा," ती म्हणाली. "आनि तुमी सभासद न्हाय. बोलायचं आसंल तर अध्यक्षांची परवानगी घ्या."

मुकादमानं ढिगाकडं बघितलं. म्हातारीनं तंबाखूची गोळी गालातल्या गालात फिरवली. "परवानगी न्हाय," ती म्हणाली. "बस खाली. हुभ्यानं ऊन लागतंय." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मुकादम बसला नाही, पण गेलाही नाही.

इतिवृत्त कायम झालं. त्यानंतर ऐनवेळचा विषय म्हणून आणखी एक ठराव झाला: छप्पर होईपर्यंत मुलांना मुकादमाच्या तंबूत ठेवावं. सह्या फार थोड्या जणींना येत होत्या. बाकीच्यांनी अंगठे दिले. त्यासाठी शाईची डबी मुकादमाकडूनच मागून घेतली, मस्टरावर अंगठे घ्यायची. ती देताना तो म्हणाला, "माजी डबी, माजाच तंबू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी मुलं तंबूत आणून ठेवली. एकोणीस मुलं होती. मस्टर, घागर आणि मुकादम बाहेर आले. ठरावाचा कागद कचेरीत गेला होता. चौथ्या दिवशी तिथून बांबू, तट्ट्या आणि एक रांजण आला. या वेळी साहेबांना फोन लावायला कोणी अध्यक्षाबाई नव्हत्या. ठरावावर अध्यक्ष म्हणून एका खडी फोडणाऱ्या म्हातारीचा अंगठा होता आणि तिच्याकडे फोन नव्हता.

छप्पर उभं राहिल्यावर मात्र अध्यक्षाबाई आल्या. मुलांसाठी त्यांनी गोळ्यांचा डबा आणला होता. फीत कापली. छायाचित्रात त्या आहेत, साहेब आहेत, रांजणही आहे. शिबिरात मिळालेल्या प्रशिक्षणाचं हे फळ, असं त्या म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं, कारण ते लिहून घ्यायलाच मला पाठवलं होतं. ज्या मुलीला सरावाच्या ठरावावरून त्यांनी खोटं पाडलं होतं, ती दहा पावलांवर दगड फोडत होती. कामाची वेळ होती. उठली असती तर खाडा लागला असता. अध्यक्षाबाईंनी तिला ओळखलं नाही, की ओळख दिली नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, तेही नाही.

परत आल्यावर मी संपादकांना म्हणाले, त्या खुलाशातलं तिसरं वाक्य चूक होतं, ते आपण मागे घेऊ. त्यांनी प्रुफावरून नजर न काढता सांगितलं, "खुलाशाचा खुलासा छापायची पद्धत नाही." मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच उत्तर मिळालं. वर्षाच्या फाइलीत तो खुलासा शिवला गेला. उद्या कोणी ती फाइल उघडली तर त्या माळावरच्या मुलांचा प्रत्यक्ष परिस्थितीशी संबंध नव्हता, असंच वाचेल.

हे तिला सांगायला मी पुन्हा माळावर गेले. छपराखाली एक पोक्त बाई दोन मुलांना थोपटत होती. तिची हजेरी मस्टरवर लागली होती. ठराव मांडणारीनं माझं सगळं ऐकून घेतलं, हातोडी खाली न ठेवता.

"तुमच्या पेपरात ऐनवेळचा विषय घेत न्हाईत व्हय?" ती म्हणाली.

घेत नाहीत, असं मी सांगितलं. तिनं पुढचा दगड ओढून घेतला.