कोपरचा साबण

माझी धाकटी जाऊ ओव्हनमध्ये साबण करते, हे मला सासूबाईंनी फोनवर सांगितलं. आषाढ चालू होता आणि त्या कोपरला, धाकट्या मुलाकडे होत्या. थोड्या दिवसांपूर्वी त्यांचाच फोन येऊन गेला होता. मी दिलेला साबण संपला आहे, पाठीला खाज सुटली आहे, बाजारचा लावला की कातडी ओढते. मी म्हटलं, करते, पण महिना जाईल. त्या बरं म्हणाल्या. मी तेल आणून ठेवलं, आणि मग हा दुसरा फोन आला.

"तू आता घाई करू नकोस. हिने केलाय. ओव्हनमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी कापला. छान आहे."

माझ्या साबणाला त्यांनी कधी छान म्हटल्याचं मला आठवेना. माझ्या साबणाबद्दल त्या "संपत आलाय" एवढंच म्हणत, आणि मी ते कौतुक समजत असे.

साबण करणं हे कुटुंबात माझं काम होतं. ठाण्याला कोलशेतच्या बाजूला आमचं घर आहे. गणपती आणि दिवाळी आमच्याकडे असते, कारण आम्ही थोरले. सासूबाई गणपतीला येतात, भाऊबीज झाली की कोपरला जातात आणि पुढचे बरेच महिने तिथेच राहतात. जाताना त्यांच्या बॅगेत जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या माझ्या वड्या असत. त्या कोपरला असल्या तरी रोज सकाळी माझा साबण लावून आंघोळ करतात, ही गोष्ट मला फार पुरत असे. जाऊ त्यांना जेवू घालते, दवाखान्यात नेते, त्यांच्या मालिका बघते. माझ्याकडे साबण होता.

माझी पद्धत संथ होती. खोबरेल, तिळाचं तेल, थोडं एरंडेल. पाण्याऐवजी नारळाचं दूध, कारण सासूबाईंच्या माहेरी रत्नागिरीकडे दिवाळीचं उटणं नारळाच्या दुधात कालवत आणि ते त्यांच्या अंगाला मानवतं. दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं, त्या खड्यांवर कॉस्टिक सोडा थोडाथोडा घालायचा, तेलात मिसळून पिठल्याइतकं दाट होईपर्यंत घोटायचं आणि साच्यात ओतायचं. दोनेक दिवसांनी वड्या कापून महिनाभर जाळीवर वाळवायच्या. तोवर तो जिभेला लावला तर चरचरतो. अनंत चतुर्दशी झाली की मी साबण करायला घेत असे, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तो तयार होई.

गणपतीआधी सासूबाईंना आणायला मी कोपरला गेले. एरवी हे काम नवरा करतो. पोचल्यावर हातपाय धुवायच्या निमित्ताने मी आधी बाथरूममध्ये गेले. तिथे तो साबण होता. माझा दुधाळ, खडूसारखा, कडांना पांढरी भुकटी धरणारा असतो. हा मधाच्या रंगाचा होता, आरपार उजेड जाईलसा, आणि चारी बाजू सारख्या. त्याला वाळ्याचा वास होता. मी हात दोनदा धुतले.

जावेला मी सगळं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. तिच्याकडे केकच्या ऑर्डरी येतात, ओव्हन तिच्या हातातला आहे. ओव्हन आधी अगदी मंद तापवायचा. मग बंद करायचा, साचा आत ठेवायचा, दार लावायचं आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही. त्या उरलेल्या उबेत साबण आतून उकळल्यासारखा होतो, पारदर्शक दिसायला लागतो आणि निवता निवता घट्ट होतो. कॉस्टिकचं जे काम महिनाभर रेंगाळतं, ते एका रात्रीत उरकतं. हे सांगताना तिने फुशारकी मारली असती तर मला बरं वाटलं असतं. ती कणीक मळत होती आणि मध्येच थांबून मला हाताने साच्याची उंची दाखवत होती.

दीर बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "वहिनी, साबणानंतर त्याच ओव्हनमध्ये केलेली नानकटाई खाल्लीत का? एक खाल्ली की आंघोळ झाल्यासारखं वाटतं."

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जास्त हसल्या. ही चेष्टा त्यांनी आधीही ऐकलेली असणार, तरी हसल्या. त्या घरात अशा किती चेष्टा मला माहीत नसलेल्या आहेत, याचा मी परतीच्या रिक्षात विचार करत होते. बॅग त्यांच्या मांडीवर होती. बॅगेला वाळ्याचा वास होता.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी तो साबण बाथरूममध्ये ठेवला. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते. लवकरच दिसलं की तो खालून लगदा होतोय. ओव्हनची ऊब साबण पक्का करते, पण त्यातलं पाणी काढत नाही. पाणी उडायला हवा आणि दिवस लागतातच, आणि तिने वाळवायला पुरेसे दिवस दिले नव्हते. मला फार दिवसांनी बरं वाटलं. जेवताना मी सहज बोलल्यासारखं बोलले, "आई, कोपरचा साबण विरघळतोय हो. वाळला नव्हता नीट."

"विरघळू दे," त्या म्हणाल्या. "संपला तर ती लगेच दुसरा करून देते."

मी भात वाढला.

विसर्जन झालं आणि मी आमचा ओव्हन रिकामा केला. लग्नात आलेला तो ओव्हन आमच्याकडे पापड-कुरडया सादळू नयेत म्हणून वापरला जातो, इतकाच. डबे काढले, जाळी पुसली. सगळं जावेने सांगितल्याप्रमाणे केलं. मंद तापवला, बंद केला, साचा ठेवला, दार लावलं. मात्र मिश्रण माझंच होतं. कोपरला मी तिला तापमान विचारलं, वेळ विचारली, साचा कशाचा ते विचारलं. पाणी घालतेस की दूध, हे विचारलं नाही. सासूबाईंच्या साबणात नारळाचं दूध नसेल, हे माझ्या मनातच आलं नाही.

दुधात साखर असते आणि साखर कॉस्टिकबरोबर स्वतःच तापते. म्हणून तर मी दूध गोठवून घेत होते, म्हणून तर साचा पंख्याखाली उघडा ठेवत होते. हे मला माहीत होतं. तरी मी तो ओव्हनमध्ये घालून दार लावलं.

थोड्या वेळाने काचेतून दिसलं की साबण वर येतोय. मधोमध भेग पडली, ती रुंदावली, आणि आतला तपकिरी रस कडेवरून जाळीवर आणि जाळीतून खाली ओघळायला लागला. घरभर जळक्या नारळाचा आणि पापडखाराचा वास सुटला. सासूबाई पदर नाकाला लावून दारात आल्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तुला कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या आणि परत जाऊन टीव्हीसमोर बसल्या.

मी ओव्हन घासला. मग घरात होतं नव्हतं ते सगळं तेल काढलं, दोन नारळ आणले आणि जुन्या पद्धतीने मोठा घाणा केला. साचे कमी पडले म्हणून दुधाच्या पिशव्यांचा रिकामा ट्रे घेतला. वड्या बेडरूमच्या कपाटावर वाळत ठेवल्या.

दसऱ्याला जाऊ आणि दीर सोनं द्यायला आले. जाऊ मदतीला स्वयंपाकघरात आली आणि तिने ओव्हनच्या तळाशी राहिलेला डाग पाहिला. तिला विचारावं लागलं नाही.

"नारळाचं दूध घातलेलंत ना, वहिनी?" तिने आवाज खाली आणला. "माझा पण पहिला असाच फुगलेला. पूर्ण ओव्हनभर. मग मी दूध काढूनच टाकलं, साधं पाणी घालते. आईंना नाही सांगितलं. त्यांना वाटतं, सेम तुमच्यासारखाच आहे."

ती हसत होती. मी सांगणार नाही, असं तिने गृहीत धरलं होतं. तिच्या जागी मी असते तर धरलं नसतं.

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे एक वाक्य होतं. ज्याला तुम्ही छान म्हणता त्यात नारळ नाही. सासूबाई अंगाला कोपरचा साबण लावून येत, चहा घेत, आणि मी ते वाक्य मनात लहान-मोठं करून बघत असे. कोणत्या वेळी, कोणासमोर, किती सहज. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी पाटाशेजारी दोन वड्या ठेवल्या, एक माझी नवी, खडखडीत वाळलेली, आणि एक त्यांनी आणलेली शेवटची. सासूबाई तेल लावून बसल्या होत्या. मी नारळाच्या दुधात कालवलेलं उटणं त्यांच्या पाठीला लावत होते. त्यांनी हात पुढे करून वडी उचलली. वाळ्याची.

मी म्हटलं, "आई, त्यात नारळाचं दूध नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. माझी पाठ आहे ना."

"मग?"

"मग काय? अंग खाजत होतं, तिने रात्री जागून करून दिला. त्यात काय आहे नि काय नाही, हे मी तिला विचारू का?" त्यांनी वडी पुढे धरली. "पाणी घाल."

मी पाणी घातलं. माझी वडी पाटाशेजारी कोरडीच राहिली. नंतर ती नवऱ्याने वापरली आणि चांगली झाली आहे म्हणाला.

भाऊबीजेला जाऊ आणि दीर सासूबाईंना न्यायला आले. त्यांची बॅग मी भरली. औषधं, शाल, चष्म्याची डबी. त्यांनी साबण मागितला नाही. मी साडीचे तुकडे काढले आणि कपाटावरच्या सगळ्या वड्या गुंडाळून तळाशी रचल्या. दोन थर झाले. शाल वर बसेना, म्हणून ती वेगळ्या पिशवीत घातली.

जावेने बॅग उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"वहिनी, एवढे?"

"पावसाळ्यात कमी पडायला नकोत."

तिने वरची एक वडी हुंगली. मग म्हणाली, "मग मी ओव्हनमध्ये पापड ठेवू का आता?"

दीर हसले, सासूबाईही हसल्या. ही चेष्टा तरी आमच्या घरातली होती. मी बॅगेची चेन ओढली. ती मध्ये अडकली, तेव्हा जावेने दोन्ही बाजू दाबून धरल्या आणि मी ती शेवटपर्यंत लावली.