तीन नंबरचा ऑक्सिजन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण झाशीत आल्यापासून एवढा मोठा गाढवपणा मी दुसरा केलेला नाही!

माझी भाची मीनल कर्करोगावर संशोधन करते. सुट्टीत आमच्याकडे आली होती. सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि ही कोपऱ्यात फोनवर, "तीन नंबर में ऑक्सीजन एकदम कम है. ट्यूमर नई नसें बुला रहा है. पक्का होने तक किसी को मत बताना!"

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. तीन नंबर म्हणजे आमच्या गल्लीतल्या शुक्ला मौसीजींचं घर! कालच तर मीनल त्यांच्याकडे दोन तास बसून आली होती. एकट्या राहतात बिचाऱ्या!

आता सरळ मीनललाच विचारायचं की नाही? छे! सरकारी कंपनीतला इंजिनियर मी, निर्णय घेणारा माणूस! बायकोला सांगितलं, ती रडायला लागली. शेजारच्या वर्माजींना सांगितलं, त्यांनी अख्ख्या खंडेराव गेट मोहल्ल्याला सांगितलं. मी बडा बाजारातून ई-रिक्षात घालून ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. तासाभरात पंधरा माणसं मौसीजींच्या दारात, सगळ्यांचे चेहरे सुतकी.

दार उघडलं. मौसीजी ठणठणीत! हात बेसनाने माखलेले.

"काए भैया, को मर गओ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कसाबसा म्हणालो, "मौसीजी, आप... लेट जाइए."

"काए लेट जाएँ? लडुआ को बाँधहै?" मग लाडू कोण वळणार, एवढीच त्यांना काळजी!

तेवढ्यात मीनल धावत आली. "मामा! तीन नंबरची डिश आहे ती, आमच्या प्रयोगशाळेतली! तिच्यात ट्यूमरच्या पेशी आहेत. ऑक्सिजन आम्हीच कमी केलाय!"

"मुद्दाम? कशाला?"

"बघायला! ऑक्सिजन भरपूर असला की पेशीतलं एक प्रथिन लगेच नष्ट होतं. कमी पडला की ते टिकतं आणि रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकं चालू करतं. मग पेशी चहूकडे निरोप धाडतात, आणि शरीरातल्या रक्तवाहिन्यांना त्यांच्या दिशेने नवे फाटे फुटतात."

मौसीजी हसून हसून बेजार! आलेल्या सगळ्यांना त्यांनी बसवून ताजे लाडू खायला घातले, मला तर दोन.

बायको मात्र गंभीरपणे विचार करत होती. मग म्हणाली, "म्हणजे स्वतःचा जीव जरा गुदमरला की गावभर निरोप धाडून सगळ्यांना गोळा करायचं! अगं मीनल, हे बघायला प्रयोगशाळा कशाला हवी? तुझे मामा आहेत की घरात!"