शरदकाकांची पंगत

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत शरदकाकांना काही खायला देणं म्हणजे परीक्षेला बसणंच होतं. ते घास तोंडात घोळवत, छताकडे बघत आणि म्हणत, "ठीक आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे कधी मीठ असे, कधी करपलेली फोडणी, कधी मी वापरलेला गूळ. नुसतं "ठीक आहे" कधी कुणाला मिळालं नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असल्यानं माझ्या पुष्कळ वाट्या वर गेल्या. त्या चाटूनपुसून परत येत, हेही सांगायला हवं. आता काका-काकू खडकवासल्याला मुलीजवळ राहतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं इथे कोणी उरलेलं नाही.

अशा माणसानं एके दिवशी जेवण सोडलं. त्यांच्या पत्नीच्या, नलूकाकूंच्या, दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. डायलिसिस सुरू होतं. काका आपली किडनी द्यायला तयार होते, ती जुळतही होती. पण डॉक्टरांनी काकांच्या पोटाकडे बघून सांगितलं, आधी हे उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दोन्ही वेळच्या जेवणाऐवजी आणि न्याहारीऐवजीही एक पावडर पाण्यात ढवळून घ्यायला सांगितली. बाकी काही नाही. काका आठवडाभरही टिकणार नाहीत, यावर साऱ्या इमारतीचं एकमत होतं, आणि आमच्या इमारतीत एकमत सहसा होत नाही.

मी एका दुपारी सहज वर डोकावले तर दोघं टेबलाशी बसलेली. काकूंपुढे पोळी आणि उकळून पाणी काढून टाकलेली फिकी भाजी. काकांपुढे स्वच्छ ताट, ताटात चांदीची वाटी आणि वाटीत ते करडं पेय. ताटाभोवती पाणी फिरवून त्यांनी हात जोडले आणि चमच्या-चमच्यानं सुरुवात केली. मला हसू आवरेना.

"उभ्यानं घटाघट प्यायलं की ते औषध," काका म्हणाले, "बसून घेतलं की जेवण. औषध माणूस टाळतो, जेवण टाळत नाही."

रोजचा बेतही ठरलेला असे. आज वाटीत मसालेभात, उद्या अळूची भाजी. बेत काकूंनी सांगायचा आणि काकांनी त्याला नावं ठेवायची. एकदा अळू खाजतंय म्हणून त्यांनी असं काही तोंड वाकडं केलं की काकू कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसल्या.

वजन उतरू लागलं आणि मग अचानक अडलं. आहारतज्ज्ञ बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. काका त्या पावडरीचा मठ्ठा करत होते आणि त्यावर रोज साजूक तुपात जिरं-हिंगाची चरचरीत फोडणी घालत होते. दुसरं काही खाता का, या प्रश्नाला त्यांनी अगदी प्रामाणिकपणे नाही म्हटलं होतं. फोडणीचं तूप खाण्यात धरायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ठरत आलेलं ऑपरेशन पुढे गेलं.

त्या संध्याकाळी जिना चढताना ते माझ्याकडे येऊन बसले. मी तुपावरून काहीतरी टोमणा मारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून त्यांच्यासमोर बसले. किडन्या पाणी बाहेर टाकत नसल्यानं काकूंना दिवसभराचं पाणी मोजून मिळायचं, एका लहान बाटलीत.

"आज दुपारीच बाटली संपली हो तिची," ते म्हणाले. "मग बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसली. आणि मी तिच्यासमोर बसून तूप खात होतो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला काकांबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोडणीचं कढलं माझ्या घरी मुक्कामाला आलं. गणपतीत मी नैवेद्याचे मोदक घेऊन वर गेले तेव्हा समोरचे शेजारी आलेले होते. एका मोदकानं काय होतंय, असा त्यांनी आग्रह धरला.

"मोदकाला काही होत नाही," काका म्हणाले. "हिचं ऑपरेशन पुढं जातं."

मग मोदक हातात घेऊन, सगळीकडून फिरवून, नाकाशी धरून त्यांनी मला निकाल सांगितला. कळ्या ठीक आहेत, पण पारी जाड आहे. मोदक ताटलीत परत ठेवला आणि हात धुवायला गेले.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. दोघं सुखरूप घरी आली. मी भेटायला गेले ती जेवणाचीच वेळ होती. काकांपुढे कितीतरी महिन्यांनी खराखुरा वरणभात वाफाळत होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. आधी फुलपात्र काठोकाठ भरून काकूंपुढे ठेवलं. डॉक्टरांनी आता त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

काकू ते न थांबता प्यायल्या. आम्ही इतकी वर्षं काकांच्या तोंडाकडे बघत असू, तसे काका त्यांच्याकडे बघत होते.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

काकूंनी ओठ पुसले, सावकाश छताकडे बघितलं.

"ठीक आहे."

काका 'पण'ची वाट बघत राहिले. काकूंनी रिकामं फुलपात्र पुन्हा भरायला त्यांच्यापुढे सरकवलं.