पानशेतला मी आईचं बोलणं बदललं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या मैत्रिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट ठाऊक नाही — लपवून लपवून दमलेय, एवढंच.

मी भोरला शाळेत चित्रकला शिकवते. माहेर पासलीचं, सासर किकवीचं. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा तुरुंगात होता. बांधावरच्या भांडणात समोरच्याचं डोकं फुटलं आणि खटला उभा राहायची वाट बघत दादा आत बसला. सासरी आम्ही सांगितलं होतं — गुजरातला कंपनीत आहे. लग्न ठरताना ते मीच सुचवलं होतं. सासूबाईंनी पगार विचारला तर मी आकडाही ठोकून द्यायची. खोटं बोलायला मी काही त्या दिवशी शिकले नाही.

तर पानशेतला एका पुणेकरांच्या बंगल्यात आफ्रिकेतल्या मलावीची एक चित्रकार आली होती, ग्रेस. तिच्या देशातले कैदी तुरुंगात कसे झोपतात, कसे आजारी पडतात, यावर ती काम करायची. मी दुभाषी. तिने गावोगावच्या जुन्या गोधड्या मागवल्या होत्या. आईही एक घेऊन आली. ग्रेसने त्या कापून अरुंद पट्ट्या केल्या — माणूस कुशीवरच मावेल एवढ्या — आणि दिवाणखान्यात खेटून अंथरल्या. बायकांना म्हणाली, झोपा. तिने टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम कूस बदलायची, कारण तिथल्या कोठडीत एकट्याला वळताच येत नाही. बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. चांगली गोधडी फाडली म्हणून एकीने शिव्या घातल्या. त्यांचं काही मी भाषांतर केलं नाही.

मग ग्रेस म्हणाली, तुमच्यापैकी कुणाचं माणूस आत असेल, आजारी असेल, तर सांगा. माझ्या ओळखीचे डॉक्टर पुण्यात आहेत, ते आत जाऊन तपासतात. मी ते मराठीत सांगितलं. अगदी नीट सांगितलं.

बाकीच्या उठल्या. आई पडूनच राहिली. तिने माझा हात ओढला आणि कानाशी बोलली, "तायडे, तिला सांग. माझा ल्योक असाच निजतो म्हनावं. अंगभर खरूज हाय, खोकला ऱ्हात न्हाई. थुकीत रगात पडतंय. सांग तिला."

ग्रेस माझ्याकडे बघत होती. तिच्या शेजारी माझी नणंद उभी — हौसेने बघायला आलेली, पुण्यात नोकरी करणारी, इंग्रजी माझ्याहून चांगलं. मी काय केलं असेल? मी म्हणाले, आई म्हणतेय, पाठ धरलीय, उठवत नाही.

ग्रेसने लगबगीने उशी आणून आईच्या पाठीखाली सारली. आईला वाटलं, बाईला समजलं. तिने ग्रेसचे दोन्ही हात धरले आणि रडली — आणि मी बघत उभी राहिले. शरम वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. तेच सांगायला जड जातंय.

पासलीला परतताना जीपमध्ये आम्ही दोघीच होतो. आईने विचारलं, "काय म्हनली गं बाई?"

डॉक्टर जाणार आहेत, मी म्हणाले. हे दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं. मग आईने दुसऱ्या कुणाचे पाय धरलेच नाहीत. दर मुलाखतीला ती जाळीपलीकडच्या दादाला सांगायची, डॉक्टर येणार हाय, दम धर. आणि तो दम धरायचा. ग्रेसचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. अजून आहे.

दादा सुटून आला तोवर एक फुप्फुस कामातून गेलं होतं. औषधं लवकर सुरू व्हायला हवी होती, म्हणाले दवाखान्यात. भाताची लावणी आता वहिनी करते. तो खाचरापर्यंत जातानाही वाटेत टेकतो. सासरी त्याला गुजरातची हवा बाधली आहे. आई गेली, डॉक्टर का आले नाहीत हे न कळताच.

परवा पासलीला गेले होते. दादाने स्वतः चहा केला. धाप लागलेली, तरी कपबशी हातात आणून दिली. शेजारी टेकला, म्हणाला, "आत मेलं का जगलं, आमाला कुनी इचारलंच न्हाई बघ."

विचारलं होतं, ग्रेसने. मी मात्र दादाला हो ना म्हणाले आणि चहा प्यायले.