हमरापूरला मी घासाघीस केली नाही

समाधी, साक्षात्कार असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरायचं, हे आधीच सांगतो. रोह्यात माझं दुकान आहे, शून्यातून उभं केलेलं. बायकोच्या आग्रहाखातर रविवारी सकाळी एका साधना केंद्रात जायचो... डोळे मिटून दुकानाचाच विचार करायचो.

दरवर्षी दुकानासाठी गणपतीच्या मूर्ती आणायला मी पेणजवळ हमरापूरला जातो. तिथल्या कारखान्याची मालकीण वहिनी आणि मी — आमचं भांडण सगळ्या आळीला पाठ आहे. गेल्या वर्षीही तिने भाव सांगितला आणि बोलता बोलता एका मूर्तीचे डोळे आखायला घेतले. रांगेतल्या बाकी मूर्तींना अजून डोळे नव्हते. कोरे चेहरे. तरी त्या सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटलं. भीती नाही वाटली. उलट... कसं सांगू... ती, मूर्ती, बाहेरचा टेम्पो, मी — मध्ये आड असं काही उरलंच नाही. भांडायला समोर दुसरं कुणी नव्हतंच. पोटातून हसू येत होतं.

मी म्हणालो, "बरं."

तिचा ब्रश थांबला. "बरं म्हंजे?"

"तू म्हणशील तो भाव."

ती जावेला म्हणाली, "पाणी आण गो. शेठना बरं नाय."

रोह्याला पोचेपर्यंत ते टिकलं. हायवेवर एकाने कट मारला, तरी तोंडात शिवी आली नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे केवढं आहे.

रविवारी केंद्रप्रमुख दादांना सांगितलं. ते म्हणाले, "अनुभव बोलायचा नसतो, अप्पा. अहंकार वाढतो."

इथे माझी सटकली. केंद्राच्या फरश्या भांडून भांडून स्वस्तात कोणी आणल्या? तेव्हा माझा आवाज चालला. संस्थापक गुरुजींचे अनुभव दर रविवारी वाचायचे, आमचे मात्र गिळायचे? म्हटलं, बोलू देणार नसाल तर माझा इथला शेवटचा रविवार. बायकोचा चेहरा पडला. तिची सगळी माणसं या हॉलमध्ये जोडलेली.

"दहा मिनिटं द्या."

"नाय."

"पाच."

"अप्पा, हा बाजार नाय."

"दोन. बसल्या जागेवरून."

एका मिनिटावर सौदा ठरला.

मी सांगितलं. मग मागून गडब गावच्या सुमनताई बोलल्या, सत्तरीच्या. "मलापन झालंय. भाताची लावणी करताना. चिखल कुठला नि हात कुठला, कळलंच नाय. सांगू नये म्हणतात, म्हणून गप रायले."

मग एक रिक्षावाला उठला. मग चक्क माझी बायको — लग्नाच्या पहिल्या वर्षी, भाकऱ्या थापताना.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी गप्प बसलात?"

हॉल हसून लोळायचा बाकी होता. दादा मात्र खाली बसले. म्हणाले, "मला अजून काहीच झालं नाय. तुम्ही बोलायला लागलात तर मलाही विचाराल... हीच धास्ती होती."

त्यांना सुनवायला खूप काही जमवून ठेवलं होतं मी. त्यातलं काहीच आठवेना. सुमनताई सरकल्या, "इथं बसा दादा, पंख्याखाली." आता दर रविवारी ते तिथेच बसतात, सगळ्यांचं ऐकत.

हमरापूरला काय झालं, मला आजही सांगता येत नाही. परत झालेलं नाही. पुढच्या खेपेला वहिनीने मुद्दाम चढा भाव सांगितला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कडाडून भांडलो.

"आता बरे हाव," ती म्हणाली, आणि डोळे आखायला ब्रश उचलला. तेवढ्यापुरता मी गप्प बसलो. तीही.