सही येणाऱ्या बाईचा अंगठा

तुमच्या आईच्या अंगठ्यावरच्या रेषा तुम्ही कधी पाहिल्या आहेत का? तिचा हात उजेडात धरून, जवळून, नीट? मी चोविशी गाठेपर्यंत पाहिल्या नव्हत्या. रेशन दुकानातल्या यंत्राने त्या माझ्याआधी पाहायचा प्रयत्न केला, आणि त्याला तिथे काहीच दिसलं नाही.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. शेतातली कामं सरली की आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बाया बिब्बे फोडायला बसतात. व्यापारी पोतं आणून टाकतो. बाया एका दगडावर बिब्बा ठेवतात, दुसऱ्या दगडाने टिचवतात आणि आतली गोडंबी अख्खी बाहेर काढतात. हिवाळ्यात तुम्ही लाडवात खाता, तीच ही गोडंबी. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं. ते लागेल तिथे कातडी जाळतं. आमच्याकडे म्हणतात, बिब्बा उतला. म्हणून कामाला बसण्याआधी बाया दोन्ही हात राखेत घोळून घेतात. राखेने तळहात वाचतो, बोटांची टोकं वाचत नाहीत, कारण गोडंबी टोकांनीच काढावी लागते. टोकाची कातडी काळी पडते, सोलून निघते, नवी येते, तीही जळते. माझी आई या कामात वस्तीतली सगळ्यात तरबेज बाई. तिची गोडंबी कधी तुटत नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांना पत्रकांचं वेड. आमच्या घरात पुस्तकं थोडी होती, पण पत्र्याची एक पेटी भरून पत्रकं होती. जयंतीची, मोर्चाची, अभ्यास वर्गाची, शाळेत मुली घाला म्हणणारी. मंगरूळपीरच्या छापखान्यातून बाबा ती सायकलवर आणायचे आणि उरलेली कधी फेकायचे नाहीत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. इतर पोरं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. त्याचा माझ्या स्वभावावर काय परिणाम झाला ते आई तुम्हाला सांगेल.

त्या पेटीतलं एक पिवळं पडलेलं पत्रक बाबांनी स्वतः लिहिलेलं होतं. मथळा होता : ‘अंगठा सोडा, सही करा.’ लग्नानंतर आई वाचायला आणि सही करायला शिकली ती त्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर, दुपारच्या वेळी, निंबाखाली बसून. वस्तीत सही करणारी ती पहिली सून. तिची सही पाहण्यासारखी आहे. शेवटच्या अक्षराखालून एक रेघ जाते, ती मागे वळते आणि पहिल्या अक्षराला येऊन भिडते. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती सही करायची, तशी शेजारच्या तीन घरांतल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांवरही करायची, आणि कोणत्याच मास्तरने कधी हरकत घेतली नाही.

तर अशा बाईला रेशन दुकानात बोलावलं. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने आधार क्रमांकाशी अंगठा जुळवून द्यायचा होता. बाबांचा एका फटक्यात जुळला. माझाही. आईने अंगठा ठेवला, यंत्र थोडं थांबलं आणि लाल झालं.

दुकानदार काका म्हणाले, “वहिनी, जरा दाबून.”

“दाबूनच तं राह्यली बापा. आता फोडू का तुमची मशीन?”

“बिब्ब्यावानी नोका टिचवू!” रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. आईही हसली. पाच वेळा लाल झालं तोवर हसत होती. मग काकांनी काच फडक्याने पुसली, आईचं बोटही पुसलं, दहाही बोटं लावून पाहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, “महिन्याच्या शेवटालोक नाही झालं तं नाव बंद पडते वहिनी. माया हातात काही नाही.”

“म्हणजे? सैपाक मी करू, अन् घरात मी नाही?”

“घरात हाय ना. कार्डात नाही.”

“मंग सही करून देऊ का? दोन करून देऊ?”

“सही नाही चालत आता. अंगठाच पाह्यजे.”

हे ऐकून बाबांचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही. घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली, ते पिवळं पत्रक काढलं आणि नुसतं हातात धरून बसले. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. “ठेवा ते पेटीत. सही मले येते, ते काही कोणी काढून नाही घेतलं. आता अंगठा कसा आणाचा ते पाहा.” मी तोवर निषेधाच्या पत्रकाचा पहिला परिच्छेद लिहून टाकला होता. आईने तोही उचलून पेटीत टाकला. “तुयं बी मंग पाहू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी एस.टी.ने मालेगावला आधार केंद्रात गेलो. तिथली ताई माझ्याच वयाची होती. तिने आईचा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “बिब्बा?” तिची आजीही फोडायची म्हणे. मग तिने जे सांगितलं ते मला कोणत्याच पत्रकात मिळालं नव्हतं. यंत्र अंगठ्याचं चित्र पाहत नाही. बोटावरची रेष कुठे संपते, कुठे दुभंगते, त्या जागा ते टिपतं, आणि आधार काढताना टिपलेल्या जागांशी त्या जुळवतं. आईचं आधार पावसाळ्यात, बिब्बे बंद असताना निघालं होतं. कातडी जळली तर टिपायला जागाच उरत नाहीत.

“पण काकू,” ती म्हणाली, “नक्षी आत खाली असते. वरची कातडी नवीन आली की तीच नक्षी पुन्हा वर येते. दुसरी येतच नाही. पंधरावीस दिवस बिब्बे बंद ठेवा.”

मला हे इतकं आवडलं की मी केंद्रातच टाळी वाजवली. इतकी वर्षं जाळूनही आतली नक्षी बिब्ब्याला पुसता आली नव्हती! ताईने सहज म्हणून आईचे डोळेही यंत्रावर घेतले. बुबुळांतही प्रत्येकाची वेगळी नक्षी असते. ते क्षणात जुळलं.

आईने लगेच विचारलं, “डोयानं होते तं बोटाच्या मांगं काहून लागले हे?”

“दुकानात डोळ्याचं यंत्र असेल तर तिथेही होईल,” ताई म्हणाली.

मी हसले. आमच्या गावात कुठलं आलंय असलं यंत्र, असं मीच मनातल्या मनात ठरवून टाकलं. दुकानदार काकांना विचारलं नाही. रोज प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणत फिरणारी मी, हा एक प्रश्न विचारायला विसरले. तो पुढे अंगाशी आला.

त्या दिवसापासून आईच्या बोटांना सुट्टी लागली. पण व्यापाऱ्याचं पोतं दारात पडलेलं होतं आणि ते वेळेत द्यायचं होतं. शेजारच्या काकू पदर खोचून आल्या. काकू एरवी मळ्यात कामाला जात, बिब्ब्याला फारशा बसत नसत. “तू बस वं पाय पसरून,” त्या आईला म्हणाल्या, “मी फोडतो तुये बिब्बे.” आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, करतो, जातो, येतो, आणि करूनही दाखवतात.

ते दोन आठवडे आमच्या घरातले सगळ्यात मजेचे. आई आयुष्यात पहिल्यांदा रिकामी बसली होती आणि तिला ते अजिबात जमत नव्हतं. तिने भांडी घासायची नाहीत, ती बाबा घासत. तिने फक्त हातांना खोबरेल लावायचं आणि ओट्यावर बसून काकूंच्या कामाला नावं ठेवायची.

“तुकडे करून राह्यली. तुकडे! व्यापारी काय म्हनन?”

“म्हनन, हे बाई बोलते लय.”

“हात राखीत घाल ना आधी.”

“घातले ना वं माय. आता डोकं बी घालू का?”

रोज सकाळी उन्हं ओट्यावर आली की अंगठा पाहायचा कार्यक्रम असे. बाबा वाचायचा चष्मा लावत, मी फोनचा कॅमेरा जवळ नेई, आणि आम्ही तिघं त्या अंगठ्यावर वाकत असू. सुरुवातीला नुसती तुळतुळीत गुलाबी कातडी होती. आठव्या दिवशी कडेला तीन बारीक रेषा दिसल्या. बाबांनी आरोळी ठोकली, “आल्या! आल्या!” रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं पाहुणे आले. मग रोज नव्या रेषा निघत गेल्या, मधोमध एक भोवरा दिसू लागला, आणि त्या भोवऱ्याच्या डाव्या अंगाला एक रेष दुभंगलेली होती. आई त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहायची की मला वाटे, हिने स्वतःचा अंगठा कधीच पाहिला नसावा. बरोबरच होतं. बिब्ब्याच्या दिवसांत तो उरत नव्हता, आणि शेताच्या दिवसांत पाहायला वेळ नव्हता.

महिना संपायला चार दिवस असताना आम्ही सगळे दुकानात गेलो. आई, बाबा, मी आणि काकू. काकूंचंही अंगठा लावायचं राहिलं होतं. घाई नव्हती, त्यांचा अंगठा चांगला होता. आई धुतलेली नऊवारी नेसली होती. तिने अंगठा ठेवला. यंत्र थोडं थांबलं आणि हिरवं झालं.

रांगेने टाळ्या वाजवल्या. बाबांनी तर काकांचा हात धरून हलवला, जसं काही यंत्र त्यांनीच घडवलं होतं. मग काकू ऐटीत पुढे झाल्या. “घ्या आता माया.”

लाल.

“दाबून, भाभी.”

लाल. पुन्हा लाल.

काकूंनी हात उलटा केला आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बोटांची टोकं काळी होती, अंगठ्याची कातडी सोलून निघत होती. आईचा अंगठा उगवावा म्हणून आईचे बिब्बे काकूंनी फोडले होते, आणि त्यात काकूंचा अंगठा गेला होता. पंधरा दिवस आम्ही रोज एकीचे हात पाहत होतो. दुसरीचे हात समोर होते, ते कोणीच पाहिले नाहीत.

मग काकूच खदखदून हसल्या. “घ्या! हिचा उगवला, माया बुडला!” आईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “थांब वं, मी करतो आता तुयं काम. पंधरा दिवसात येईन तुया बी.”

“चार दिवस राह्यले,” काका म्हणाले.

“अन् पुढं पुन्हा अंगठा मांगतला तं हिचा गेलेला राहीन,” बाबा म्हणाले. “मंग पुन्हा हे बसन, ते फोडन. असं मरेपर्यंत का?”

माझ्या पोटातली सगळी पत्रकं एकदम वर आली. मी काकांवर धावूनच गेले. “काका, बाईने अंगठा आणायला काम सोडायचं, आणि तिच्यासाठी दुसरीने अंगठा गमवायचा, हा कुठला न्याय? डोळ्यानेही जुळतं! मालेगावला आईचं एका क्षणात जुळलं! डोळ्याचं यंत्र का नाही आणत तुम्ही गावात?”

काका शांतपणे म्हणाले, “हाये ना.”

“कुठे?”

“खोक्यात.”

“मग काढलं का नाही?”

“कोणी मांगतलंच नाही, बाई.”

सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. मागायचं होतं ते मीच.

काकांनी फळीच्या मागून खोकं काढलं. धूळ गमछाने झटकली. आत यंत्र कोऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. बिघडलं तर आपल्यावर येईल म्हणून त्यांनी हात लावला नव्हता, असं त्यांनी सरळ सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तालुक्याला फोन लावून, विचारत विचारत त्यांनी वायर जोडली. काकूंनी यंत्र दोन्ही हातांनी डोळ्यांशी धरलं.

“डोये मोठे करा, भाभी.”

“अजून? एवढे तं लग्नातई नव्हते केले.”

हिरवं झालं. त्या दिवशी दुकानात जो गलका झाला, तसा मी निवडणुकीच्या निकालालाही ऐकलेला नाही. रांगेतल्या आणखी दोन बाया, ज्या अंगठा जुळत नाही म्हणून परत जायच्या बेतात होत्या, त्या तिथेच थांबल्या. दोघींचंही झालं.

आई मात्र हटून बसली. “माये बी घ्या डोये.”

“तुमचं झालं वहिनी, अंगठ्यानं.”

“होऊ द्या. या डोयानं मी वाचाले शिकली. मशीननं यायले पाह्यलं पाह्यजे.”

काकांनी हात जोडले. या खेपेला नोंद दुसऱ्यांदा घेता येत नाही म्हणाले. मग आईने त्यांच्या खिशातला पेन मागून घेतला आणि रिकाम्या खोक्याच्या झाकणावर सही ठोकली, शेवटची रेघ मागे वळवून पहिल्या अक्षराला भिडवून. “आता कोणी म्हननार नाही, की कोणी मांगतलं नोहतं.” ते झाकण काकांनी फेकलं नाही. आजही ते यंत्राशेजारी उभं आहे.

आईच्या अंगठ्याच्या रेषा दहा दिवसांत पुन्हा गेल्या. पोतं आलं, तिने हात राखेत घोळले आणि कामाला बसली. आता तिला त्याची फिकीर नाही. माझ्या निषेधाच्या पत्रकाचा पहिला परिच्छेद मी पेटीतून काढून फाडला आणि डोळ्याचं यंत्र मागा म्हणणारं चार ओळींचं नवं पत्रक लिहिलं. बाबांनी ते मंगरूळपीरला छापून आणलं, सायकलवर नाही, आता एस.टी.ने. खाली सही आईची आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या शेजारी राबून बोटं झिजलेली एखादी बाई असेल. उद्या तिच्यासोबत रेशन दुकानात जा. अंगठा लाल झाला तर परत फिरू नका. डोळ्याचं यंत्र कुठे आहे ते मोठ्याने विचारा, आणि ते खोक्यात असेल, तर खोकं तिथेच, तुमच्यासमोर उघडायला लावा.